कोयनेच्या पाणलोटातली ओस पडलेली गावे आणि अभयारण्य

शिवसागरतीर (धागाकर्ता)

गेल्या मार्चमध्ये वासोटा किल्ल्यावर जाण्यासाठी बामणोलीहून लाँचने निघालो आणि पलीकडच्या काठाला मेट इंदवलीपाशी उतरलो. वन विभागाच्या चौकीवर नावे नोंदवून झाली की वाट लगेच रानात शिरते. अजून चढ लागायचा होता, तेवढ्यात वाटेपासून चार पावले आत मला एक दगडी बांध दिसला. गुडघाभर उंचीचा, मातीचुन्याशिवाय नुसता धोंड्यावर धोंडा बसवून रचलेला. त्याच्या वर सहा-सात पावलांवर दुसरा आणि त्याच्याही वर तिसरा होता. मधल्या बांधाच्या पोटातून किंजळाचा एक वृक्ष वर आला होता आणि त्याच्या मुळांनी दोन धोंडे पुढे ढकलून दिले होते. ती भाताची खाचरे होती. बरोबरच्या तरुण मित्राने सहज विचारले की इतक्या दाट जंगलात कोण कशाला बांध घालत बसेल. त्याला उत्तर देताना माझ्या लक्षात आले की हा प्रश्न एकट्या त्याचा नाही, आणि म्हणून हा धागा काढत आहे.

आमचे घर याच खोऱ्यातले. कोयना महाबळेश्वराला उगम पावते, सह्याद्रीच्या कण्याला समांतर दक्षिणेकडे वाहत येते, हेळवाकला एकदम पूर्वेकडे वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. वळणाच्या अलीकडे धरण झाले, साठच्या दशकाच्या सुरुवातीला शिवसागर जलाशय भरू लागला आणि कोयना, सोळशी व कांदाटी या तिन्ही नद्यांच्या काठची सपाट जमीन शिवसागराखाली गेली. शंभराच्या आसपास गावांना त्याची झळ पोहोचली. विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी राज्याने पहिला कायदा केला तो १९७६ साली, म्हणजे आमची माणसे उठली तेव्हा त्यांच्या पाठीशी कायदाच नव्हता. कोणी सोलापूर जिल्ह्यात गेले, कोणी सांगलीकडे, कोणी रायगड, ठाणे आणि रत्नागिरीत. माझ्या आजोबांना सोलापूरकडच्या माळावर जमीन दाखवण्यात आली, तिथे पाणी नव्हते आणि गावकऱ्यांना हे पाहुणे नको होते. तीन वर्षांनी आजोबा परत आले आणि पाण्याच्या वरच्या अंगाला, पूर्वी जिथे नाचणी-वरी पेरायचे त्या वरकसावर, पुन्हा घर बांधून राहिले. असे परतलेले पुष्कळ होते. मग १९८५ मध्ये त्याच डोंगरउतारांवर ४२३.५५ चौरस किलोमीटरचे कोयना वन्यजीव अभयारण्य जाहीर झाले आणि एकदा पाण्याने वर ढकललेल्या माणसांना दुसऱ्यांदा उठावे लागणार, असे दिसू लागले.

आज या अभयारण्याविषयी जे लिहिले जाते, त्यात 'विरळ लोकवस्ती' हे दोन शब्द पाऊसमानासारखे, जणू निसर्गानेच ठरवून दिलेले, असे येतात. माझे म्हणणे एवढेच आहे की ही वस्ती विरळ नव्हती, ती विरळ करण्यात आली, आणि हे नीट समजून घेतल्याशिवाय इथले रान कसे राखायचे याचा निर्णय नीट होणार नाही. अभयारण्य नको, असे मी अजिबात म्हणत नाही. ज्यांना या खोऱ्याची माहिती आहे त्यांनी कृपया लिहावे. जुन्या गावठाणांच्या जागा, उरलेल्या वाड्यांची आजची स्थिती, वन्यजीवांविषयीचे अनुभव, सगळेच हवे आहे.

रानवाटसरू

धागा फार आवडला. मी गेली वीस वर्षे पक्षी पाहण्यासाठी या बाजूला येतो, त्यामुळे रानाच्या अंगाने थोडे लिहितो.

उत्तर सह्याद्रीत जांभूळ, अंजनी आणि पिसा यांचे जे सदाहरित रान आहे त्याचे उत्तम तुकडे कोयनेच्या पश्चिम बाजूला, घाटमाथ्याच्या कडेकडेने टिकून आहेत. खाली उतरत आले की ऐन, किंजळ, नाणा, हिरडा, बेहडा ही पानगळीची झाडे वाढतात, आणि उजाड झालेल्या उतारांवर कारवी दाटते. वरच्या रानात शेकरूची घरटी मान वर करून मोजता येतात. पहाटे ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर गाऊ लागला की पाच-दहा मिनिटे पुढे पाऊल टाकवत नाही. मलबारी राखी धनेश आहे, गवा, सांबर, भेकर, पिसोरी, अस्वल, बिबट्या आहेत, आणि ज्यांना इकडे कोळसुंदे म्हणतात ती रानकुत्रीही आहेत.

आता आपल्या बांधांविषयी. गवे मला सर्वांत जास्त वेळा दिसले ते गर्द जंगलात नाही, तर ओस पडलेल्या गावठाणांत आणि जुन्या खाचरांत. त्याचे कारण सरळ आहे. बांध घालून सपाट केलेल्या जमिनीत माती टिकते, ओल टिकते आणि गवत चांगले येते. गर्द सावलीत गव्याला पोटभर चारा मिळत नाही, तो मोकळ्या गवताळ तुकड्यांवर येतो. एका संध्याकाळी एका जुन्या गावठाणाच्या कडेला मी सतरा गवे मोजले. मधोमध तुळशी वृंदावनाचा चौथरा होता आणि एक मादी त्याला अंग घासत उभी होती. ज्या चाऱ्यावर गवा-सांबर आणि पर्यायाने वाघ जगावा असे आपल्याला वाटते, त्या चाऱ्याची जमीन आपल्या आजोबांच्या पिढीने हाताने तयार केलेली आहे. हे गवताळ तुकडे राखले नाहीत तर त्यांवर आधी रानमोडी आणि घाणेरी ही तणे येतात, मग झाडोरा येतो, आणि चारा संपतो.

वाघाबद्दलही लिहायला हवे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तो राज्यातला चौथा, क्षेत्रफळ ११६५.५७ चौरस किलोमीटर. त्यानंतर बरीच वर्षे इथे वाघ स्थिरावल्याचे दिसत नव्हते. २०१८ मध्ये कॅमेरा ट्रॅपमध्ये वाघाचे छायाचित्र मिळाले तेव्हा आम्ही मित्रांनी एकमेकांना पहाटे फोन केले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्यातून एक वाघीण आणून चांदोलीत ठेवण्यात आली. दक्षिणेकडे राधानगरी, तिथून तिलारी आणि पुढे गोवा-कर्नाटकाची जंगले अशी ही एक सलग वाट आहे आणि तिचे उत्तर टोक कोयना आहे. म्हणून इथला प्रत्येक निर्णय एका तालुक्यापुरता राहत नाही.

जावळीची सून

मी लग्न होऊन या खोऱ्यात आले त्याला आता चौतीस वर्षे झाली. इथे जे लिहिले गेले ते सगळे खरे आहे, पण लांबून पाहिलेले आहे, म्हणून जवळचे थोडे सांगते.

आमच्या वाडीत मी आले तेव्हा एकवीस चुली पेटत होत्या. आज गणपतीला आणि शिमग्याला सगळी घरे उघडतात, एरवी सहा. त्या सहांतल्या चार घरांत एकेकटी म्हातारी माणसे आहेत. शाळेत मुलेच उरली नाहीत, म्हणून तिला कुलूप लागले. पावसाळ्यात वारा उठला की लाँच सुटत नाही. दूरदर्शनवर दर संध्याकाळी कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वरचा पाऊस सांगतात, तो ऐकताना शहरातल्या माणसाला धरण किती भरले एवढेच कळते. आम्हाला मात्र त्यातून कळते की आता अजून किती दिवस पलीकडे जाता येणार नाही.

एका जुलैमध्ये माझ्या धाकट्या जावेला अवेळी कळा सुरू झाल्या. पाण्यावर धुके इतके होते की लाँचवाल्याला समोरचा काठ दिसत नव्हता. चार पुरुषांनी घोंगडीची झोळी केली आणि दोन बांबूंना बांधून तिला डोंगराच्या अंगाने नेले. मी कंदील धरून पुढे चालत होते. जळवा इतक्या की थांबून काढायची सोय नव्हती, पायांतून रक्त ओघळतच होते. पाच तासांनी रस्त्याला लागलो. आरोग्य केंद्रात त्या रात्री डॉक्टर नव्हते, परिचारिकेने बाळंतपण केले आणि दोन्ही जीव वाचले. ती मुलगी आता पुण्यात शिकते. ती परत इथे राहायला येईल का, असे मला कोणी विचारले तर मी काय सांगू?

शेतीचे म्हणाल तर भात फुलोऱ्यावर आला की रात्री माचावर बसावे लागते. रानडुकरे एका रात्रीत खाचर लोळवून टाकतात, गवे शिरले तर खाण्यापेक्षा तुडवण्यानेच जास्त जाते, आणि दिवसा वानरे असतात. पूर्वी वाडीतली वीस घरे पाळीपाळीने राखण करायची. आता सहा घरांनी किती रात्री जागायचे? जमीन पडीक टाकण्यामागे आळस नाही, माणसेच नाहीत. नुकसानीचा पंचनामा होतो, पण त्यासाठी अर्ज, सातबारा आणि छायाचित्रे घेऊन पाण्यापलीकडे दोन-तीन खेपा घालाव्या लागतात, आणि लाँचचे भाडे व बुडालेली मजुरी धरली तर हातात फारसे उरत नाही. गव्याचा मला राग नाही. तो कधीपासून इथलाच आहे. राग येतो तो नुकसान सोसताना आम्हाला एकटे सोडल्याचा.

शिवसागरतीर

ताई, आपण लिहिलेले वाचून बराच वेळ काही सुचले नाही. एक विचारतो. मे महिन्यात पाणी उतरल्यावर आपल्याकडे अजून गाळपेर करतात का? माझ्या लहानपणी आत्या काठाच्या गाळात काकडी आणि घेवडा लावायची आणि चालताना खाली जुन्या रस्त्याचे दगड पायाला लागायचे, एवढेच मला आठवते.

जावळीची सून

होय, अजून करतात, पण थोडे. पाणी फार खाली गेलेल्या वर्षी जुन्या घरांची जोती उघडी पडतात. माझ्या सासूबाई आमच्या घराच्या जोत्यावर जाऊन बसायच्या. तिथले उखळ अजून जागेवर आहे. त्या उखळात साठलेला गाळ दरवर्षी हाताने काढून ते स्वच्छ करून यायच्या आणि पावसाळ्यात ते पुन्हा बुडायचे. त्या गेल्यापासून मी करते.

माथाडीपुत्र

या खोऱ्याचा अर्धा भाग मुंबईत आहे, हे इथे नमूद व्हावे असे वाटते. जावळी, पाटण आणि महाबळेश्वर तालुक्यांतल्या डोंगरी गावांतून माणसे मुंबईच्या बाजारपेठांत पाठीवर ओझी वाहायला गेली. माझे वडील त्यांतलेच. अण्णासाहेब पाटील हे पाटण तालुक्यातलेच होते, त्यांनी या हमालांची संघटना उभी केली आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. त्या कायद्याने आमच्या घरात नियमित पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि मुलांचे शिक्षण आले. तेव्हा वस्ती विरळ होण्यामागे धरण आणि अभयारण्य यांच्याबरोबर हेही एक कारण आहे, आणि ते सगळेच दुःखाचे नाही. वडिलांनी गाव सोडले म्हणून मी आज हे लिहू शकतो.

मात्र मला वेगळीच चिंता आहे. आम्ही मुंबईकर गावातली जमीन सोडत नाही आणि कसतही नाही. सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावे, त्यांतली निम्मी कुठे आहेत हे कोणालाच ठाऊक नाही. अशा जमिनीचे काय होते ते तापोळ्याच्या बाजूला पाहावे. जलाशयाकाठचा तुकडा दाखवायला दलाल थेट नवी मुंबईत आमच्या घरी येतात. त्यातच नवीन महाबळेश्वर गिरिस्थान प्रकल्पाच्या आराखड्यात सुरुवातीला सातारा जिल्ह्यातली २३५ गावे घेण्यात आली होती. रस्ते होतील, पूल होतील, दवाखाना होईल, हे मला हवेच आहे, वरचा प्रतिसाद वाचल्यावर तर कोणीही त्याला नाही म्हणू नये. पण पूल पूर्ण होईपर्यंत पलीकडच्या गावात मूळ माणूस उरलाच नसेल आणि त्या पुलावरून फक्त बंगलेवाले जाणार असतील, तर तो पूल आमच्यासाठी झाला असे मी म्हणणार नाही.

वनवाचक

मी थोडे वेगळे मत मांडतो आणि ते मनापासून मांडतो. सहा चुलींच्या वाडीला बारमाही रस्ता, वीज, शाळा आणि दवाखाना द्यायचा तर त्यासाठी रान कापावे लागेल, आणि एवढे करूनही तरुण परत येणार नाहीत. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभाक्षेत्रातून स्वेच्छेने बाहेर पडणाऱ्या कुटुंबांसाठी केंद्राची योजना आहे, तिची रक्कम २०२१ मध्ये दहा लाखांवरून पंधरा लाख रुपये करण्यात आली आणि अठरा वर्षांवरील सज्ञान व्यक्ती स्वतंत्र कुटुंब धरली जाते. ज्यांना खरोखर बाहेर पडायचे आहे त्यांना सन्मानाने बाहेर पडता यावे, हीसुद्धा न्यायाचीच बाजू नाही का? बाळंतिणीला झोळीतून नेण्याचा प्रसंग वाचल्यावर 'इथेच राहा' असे सांगण्याचा अधिकार मला, शहरात बसणाऱ्याला, नक्कीच नाही. तसेच, सलग निर्मनुष्य जंगल ही वाघाची गरज आहे हे विसरून चालणार नाही. २०१२ मध्ये पश्चिम घाटातली जी ३९ ठिकाणे जागतिक वारशात गेली, त्यांत कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही आपली चार आहेत. ती जबाबदारीही आपलीच आहे.

जावळीची सून

आपले म्हणणे पटते असे म्हणणारी माणसे आमच्या वाडीतही आहेत. माझे थोरले दीर म्हणतात, पैसे देतात तर घ्यावे आणि निघावे. माझा विरोध जाण्याला नाही. दरवर्षी कोणी ना कोणी साहेब येऊन 'तुम्ही आता उठणारच आहात' असे सांगतो आणि त्या एका वाक्यावर घराची कौले बदलायची राहतात, शाळेची दुरुस्ती राहते, विहिरीचा गाळ काढायचा राहतो. वीस वर्षे आम्ही उठणारच आहोत. राहायचे की जायचे हे ठरेपर्यंत माणसाने जगायचे कसे, एवढेच विचारायचे आहे.

ग्रामसभा

ताईंच्या शेवटच्या वाक्यात खरा कायदेशीर प्रश्न आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. मी वनहक्कांच्या दाव्यांचे काम पाहतो.

पहिली गोष्ट म्हणजे, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा असला तरी २००६ च्या दुरुस्तीने त्यात व्याघ्र प्रकल्पांविषयीचे जे कलम आले, त्यानुसार गाभाक्षेत्रातून लोकांना हलवायचे तर आधी त्यांचे वनहक्क ठरवून पूर्ण झालेले असले पाहिजेत, आणि संबंधित ग्रामसभेची व लोकांची माहितीपूर्ण संमती असली पाहिजे. वनहक्क कायद्यातही, जो त्याच वर्षीचा आहे, हीच अट आहे. म्हणजे क्रम असा आहे की आधी हक्क, मग माहिती, मग संमती, आणि पर्यायी जागेच्या सोयी पूर्ण झाल्यावरच स्थलांतर. 'तुम्ही उठणारच आहात' या वाक्याला कायद्यात जागा नाही. ते कोणी म्हणत असेल तर ते लेखी मागावे. ज्यांना जायचे आहे त्यांच्याही फायद्याचे हेच आहे, कारण ज्याचा हक्क कागदावर आला आहे त्याच्याशी बोलताना समोरच्याला अधिक काळजीने बोलावे लागते.

दुसरी गोष्ट कोयनेला विशेष लागू आहे. गडचिरोलीत मेंढा-लेखासारख्या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला तेव्हा तिथले लोक अनुसूचित जमातीचे होते. कोयनेच्या खोऱ्यातले बहुसंख्य लोक मराठा आणि गवळी धनगर आहेत, काही ठिकाणी कातकरी आहेत. जे अनुसूचित जमातीत येत नाहीत त्यांना 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून दावा करावा लागतो, आणि त्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, ते या रानावर अवलंबून राहत आले असल्याचे दाखवावे लागते. इथेच बहुतेक दावे अडतात. धरणाच्या वेळी गावेच उठली, दप्तरे हरवली, काहींची नावे पुनर्वसनाच्या यादीत दुसऱ्या जिल्ह्यात गेली, आणि माणूस मात्र इथे राहिला. कागद सोलापूरला आणि चूल कोयनेच्या काठाला, अशी अवस्था आहे.

पण पुराव्याविषयीचे नियम वाचले तर लक्षात येते की कागद हा अनेक पुराव्यांपैकी एक आहे. दावेदाराव्यतिरिक्त गावातल्या वडीलधाऱ्या माणसांचे लेखी नोंदवलेले कथन ग्राह्य धरले जाते. जमिनीवरच्या खुणाही ग्राह्य आहेत. घर, सपाटीकरण, बांध, तसेच सामूहिक दाव्यासाठी विहिरी, दफनभूमी, देवस्थाने. म्हणून धागाकर्त्यांनी वर्णन केलेला तो किंजळाने उचकटलेला बांध मला फार महत्त्वाचा वाटला. तेवढ्या जाडीच्या किंजळाचे वय आणि त्याच्याखालचा बांध हा, नीट नोंदवला तर, तिथे पूर्वी शेती होती याचा पुरावा आहे. त्याचे जीपीएस स्थान, छायाचित्र, आणि 'हे खाचर अमुक घराचे' असे सांगणाऱ्या दोन वृद्धांचे कथन, इतके एकत्र आले की वनहक्क समितीपुढे ठेवता येते. तिथून दावा ग्रामसभेच्या ठरावाने उपविभागीय समितीकडे आणि मग जिल्हा समितीकडे जातो. याच कायद्याच्या चौथ्या कलमात असेही म्हटले आहे की विकासाच्या कामासाठी, जमिनीचा मोबदला न देता, ज्यांना घरातून आणि शेतीतून उठवले गेले आणि ज्यांची जमीन त्या कामासाठी पाच वर्षांत वापरलीच गेली नाही, त्यांचाही हक्क मान्य होऊ शकतो. पाण्याच्या वरच्या पातळीला राहिलेल्या काही जमिनींना हे लागू होते का, ते प्रत्येक गावात तपासून पाहावे लागेल.

घाई एकाच बाबतीत आहे. कागद थांबतो, बांधही थांबतो. वृद्ध माणसे थांबत नाहीत.

रानवाटसरू

वनवाचकांच्या एका मुद्द्यावर मात्र माझा अनुभव वेगळा आहे. सलग आणि शांत जंगल वाघाला हवे, हे निर्विवाद. पण इथे फेब्रुवारीपासून वणव्याचा काळ सुरू होतो, गवत वाळून कडकडीत झालेले असते, आणि एका बीटात, म्हणजे राखणीसाठी वाटून दिलेल्या रानाच्या तुकड्यात, दोन-तीन वनरक्षक व काही वनमजूर असतात. जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारे मोकळे पट्टे, काढायला, वणवा दिसल्यावर पहिल्या अर्ध्या तासात पोहोचायला आणि रात्री रानात नको त्या बॅटरीचा उजेड दिसला तर कळवायला जवळच्या वाडीतला माणूसच असतो. मी ज्या संरक्षण कुटीजवळ नेहमी थांबतो तिथले वनमजूर त्याच बाजूच्या वाड्यांचे आहेत. त्यांना प्रत्येक पाणवठ्याचे नाव माहीत आहे, कोणत्या खिंडीतून गवे उतरतात हे माहीत आहे. त्या वाड्या रिकाम्या झाल्या तर पुढच्या पिढीचा वनमजूर कुठून येणार, हा विचार व्याघ्र प्रकल्पाच्या हिताच्या दृष्टीनेही व्हायला हवा.

त्याचबरोबर महाबळेश्वराजवळच्या मांघरचे उदाहरण लक्षात घेण्यासारखे आहे. २०२२ मध्ये ते मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. सातेरी मधमाश्यांच्या पेट्या रानाच्या कडेला ठेवायच्या, जांभूळ, हिरडा, गेळा यांचा फुलोरा जसा येईल तसा मध काढायचा, आणि कारवी फुलण्याचे वर्ष आले की त्या मधाला वेगळा भाव. या धंद्याला रान उभे असावे लागते आणि माणूसही गावात असावा लागतो.

वनवाचक

हे मान्य आहे. 'निर्मनुष्य' हा शब्द मी फार सरसकट वापरला. गाभ्यातली आणि कडेची गावे यांचा वेगवेगळा विचार करायला हवा, आणि गाभ्यातल्यांचाही निर्णय त्यांच्या ग्रामसभेनेच घ्यायला हवा. ग्रामसभा यांनी लिहिलेला क्रम मला नेमका ठाऊक नव्हता.

माथाडीपुत्र

आमच्या मुंबईच्या मंडळात गावातली ऐंशीच्या पुढची सात माणसे आहेत. त्यांची कथने नोंदवायची असतील तर एका रविवारी सगळ्यांना एकत्र बसवण्याची जबाबदारी मी घेतो. कोणत्या नमुन्यात लिहून घ्यायचे ते ग्रामसभा यांनी कळवावे.

ग्रामसभा

जरूर. साध्या कागदावर चालेल. नाव, वय, गाव, धरणापूर्वी घर कुठे होते, शेताच्या चारही बाजूंना कोणाची शेते होती, गुरे कुठे चरायची, देव कोणता आणि त्याची जत्रा कधी, प्रेते कुठे पुरायचे किंवा जाळायचे. वाक्ये त्यांच्याच भाषेत ठेवावीत, सुधारू नयेत. खाली सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार. शक्य असेल तर आवाजही मुद्रित करावा.

शिवसागरतीर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. वरचा नमुना वाचून कालच माझ्या आत्याला फोन केला. ती आता सत्त्याऐंशी वर्षांची आहे आणि तिला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. मी त्या तीन बांधांचे वर्णन केले. तिने विचारले, मधल्या बांधात पाण्याला वाट म्हणून एक लांबट चपटा दगड उभा लावला आहे का? मी छायाचित्र मोठे करून पाहिले. किंजळाच्या मुळाखाली, अर्धा मातीत गेलेला, तसा दगड आहे. मग तिने वरच्या खाचरापासून खाली एकेक नाव घेतले. वरचे थोरल्या घराचे, मधले आमचे, खालचे गुरवांचे, आणि ओढ्यापलीकडे गावाचा राब, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन, भाजायची जागा.

मी सगळे लिहून घेतले आहे. पुढच्या महिन्यात, पाणी उतरल्यावर आणि वन विभागाची रीतसर परवानगी घेऊन, तिला लाँचने काठापर्यंत आणायचे ठरवले आहे. जावळीची सून ताईंनी त्या दिवशी काठावर यायचे कबूल केले आहे. माथाडीपुत्र मुंबईची सात कथने बरोबर आणतील. या कामात आणखी कोणाला यायचे असल्यास येथेच कळवावे, लाँचमध्ये अजून चार जणांची जागा आहे.